इंजिनात खोबरेल

तिसऱ्या दिवशीही सिलिंडर हेड निघालं नाही, तेव्हा गॅरेजवाल्याने छिन्नी आणि हातोडा उचलला, आणि मी ती छिन्नी त्याच्या हातातून काढून घेतली.

"मॅडम, तुम्ही तिकडे सावलीत बसा ना," तो म्हणाला. "ते जाम झालंय. तोडूनच निघणार. टेन्शन नका घेऊ, दुसरं मिळतं."

दुसरं मिळत नाही. मी अलिबागपासून पनवेलपर्यंत फोन करून पाहिले होते. माझ्या वडिलांच्या मोटरसायकलचं हेड आता कुठल्याच दुकानात नाही. मिळालं तर कुणाच्या तरी मेलेल्या गाडीवरचं मिळेल. आणि याने त्या हेडच्या कडेची एक पाती आधीच उडवली होती. इंजिन गार राहावं म्हणून त्या पात्या असतात. तुटलेला तुकडा माझ्या चपलेशी पडला होता. मी तो उचलला, ओढणीला पुसला, पर्समध्ये टाकला आणि टेम्पोवाल्याला फोन लावला. गॅरेजवाला तोंड वाकडं करून म्हणाला, "घेऊन जा. घरी काय पूजा करणार का?" मी म्हटलं, "घरी नेऊन उघडणार." तो आणि त्याचे दोन मित्र हसले. एकोणसाठ वर्षांची, निवृत्त झालेली, विज्ञान शिकवणारी बाई इंजिन उघडणार म्हटल्यावर लोकांना हसू येतं. येऊ दे.

हेड म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कुकरचं झाकण डोळ्यांसमोर आणा. खाली लोखंडाचा सिलिंडर, त्यात पिस्टन वरखाली होतो, आणि वर हे ॲल्युमिनियमचं जड झाकण. दोघांच्या मध्ये गॅसकेट असतं, कुकरच्या रिंगेसारखं. रिंग गेली की वाफ कडेने फुसफुसते आणि डाळ शिजत नाही. तसंच इथे झालं होतं. किक मारली की सांध्यातून हवा निसटायची, इंजिनाला दाब मिळायचा नाही. गॅसकेट बदलायचं तर झाकण काढायला हवं, आणि झाकण निघत नव्हतं.

पौष महिन्यात माझ्या धाकट्या भावाचा फोन आला तिथून हे सुरू झालं. तो न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या एका कंपनीत आहे, राहायला नव्या मुंबईत. किहीमजवळच्या आमच्या वाडीत मी एकटीच असते. म्हणाला, "ताई, आपल्या गाडीला गिऱ्हाईक मिळालंय. किनाऱ्यावर ते नवीन कॉटेज झालंय ना, त्याचा मालक. त्याला दारात ठेवायला हवी. रंगवून वगैरे."

"चालवणार नाही?"

"नाही गं. इंजिन नसलं तरी चालेल म्हणाला. टाकीचा वरचा पत्रा कापून त्यात फुलझाडं लावणार. छान दिसेल."

मला भयंकर संताप आला. मग मी म्हटलं, गाडी मी सुरू करते. तो हसला, पण दुष्टपणे नाही. तो तसा नाहीच. म्हणाला, "बरं. माघी गणपतीला मी पालीला जाणार आहे, येताना घरी येतो. तोवर सुरू केलीस तर ठेव तुझ्याकडे. नाहीतर टेम्पो बोलावतो. ठरलं?" ठरलं, म्हटलं. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, माझ्याच दारातली गाडी माझ्याकडे ठेवायची परवानगी मी त्याच्याकडून घेतली होती. गाडी भावाची, हे आमच्या घरात कधी कुणी ठरवलं नव्हतं. ठरवावं लागलंच नव्हतं.

वडील कचेरीत होते, रोज त्या गाडीवरून अलिबागला जात. रविवारी गाडी उघडत, आणि पाने हातात द्यायला मी. चौदा-पंधरा मागितला की चौदा-पंधरा, प्लगचा मागितला की प्लगचा. दहाव्या वर्षी मला नुसत्या आवाजावरून कळायचं की झडपा ढकलणारे टॅपेट सैल आहेत. भावाला इंजिनाची आवड नव्हती. ग्रीसचा वास आला तरी तो नाक मुरडायचा. पण तो सोळा वर्षांचा झाला तेव्हा ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरच्या घट्ट वाळूत गाडी चालवायला वडिलांनी शिकवलं ते त्याला. मी मागे पळत होते, गाडी पडली तर उचलायला. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मुलींनी किक मारायची नसते, पोटाला त्रास होतो." याच पोटाने मी विहिरीचं पाणी ओढलं, नारळाची पोती उचलली, आजारी आईला सहा वर्षं उचलून बसवलं. तेव्हा कुणाला माझ्या पोटाची काळजी वाटली नाही. वडिलांवर माझं प्रेम होतं आणि आहे, पण हे मी त्यांना माफ केलेलं नाही. माफ करायला हवंच असंही मला वाटत नाही.

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वडील गेल्यावर गाडी पडवीत उभी राहिली. आमच्याकडे खारं वारं लोखंड खातं. म्हणून वडील दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी प्लग काढून त्या भोकातून चमचाभर ऑइल सोडत. त्यांच्या मागे ते काम मी करत राहिले. पहिल्याच वर्षी ऑइलचा डबा संपलेला निघाला. मग मी काय केलं? घरात होतं ते ओतलं. आमच्या वाडीतल्या नारळांचं, घाण्यावरून काढून आणलेलं, पांढरंशुभ्र, वासाचं खोबरेल. वाडीवाल्यांच्या घरात केसांना खोबरेल, भाजल्याला खोबरेल, बिजागरी कुरकुरली तर खोबरेल, समईत खोबरेल. इंजिनालाच का नको? अकरा वर्षं, दर मे महिन्यात, दोन-दोन चमचे. वर अभिमान की बघा, गाडीची कशी काळजी घेते.

पौषात प्लग काढला तेव्हा भोकातून खवट वास आला. किक जागची हलेना. आत तेलाचा डिंक होऊन पिस्टन सिलिंडरला चिकटून बसला होता. तेलातुपाला हवा लागली की ते खवट होतं, त्याचं ऑक्सिडीकरण होतं, हे मी तीस वर्षं दहावीच्या वर्गात फळ्यावर लिहून दिलं. चौकट काढून लिहून दिलं, परीक्षेला येतं म्हणून. भावाला फोनवर सांगितलं तर तो पोट धरून हसला. "ताई, तू इंजिनाची चंपी केलीस." मीही हसले. मग फोन ठेवून भोकात रॉकेलमिश्रित डिझेल ओतलं आणि चार दिवस थांबले. पाचव्या दिवशी किकवर उभी राहिले, पूर्ण वजन टाकलं, आणि ती माझ्यासकट हळूच खाली गेली. पिस्टन सुटला. सांध्यातली ती फुसफुस मी पहिल्यांदा ऐकली तीही त्याच दिवशी. मग टेम्पो, मग गॅरेज, मग छिन्नी.

गाडी पुन्हा पडवीत आली तेव्हा हातात नऊ दिवस होते.

वरचं सगळं मी सोडवून ठेवलं होतं. झडपांवर दाबणारे रॉकर काढले, त्यांचे लांब दांडे काढले, नट काढले. हेड नुसतं बसलेलं होतं, त्याला धरणारं काही नव्हतं. तरी ते हलेना. सिलिंडरातून वर आलेले चार लोखंडी बोल्ट हेडच्या आरपार जातात. खाऱ्या हवेने त्या भोकांमध्ये ॲल्युमिनियमला चुन्यासारखी पांढरी बुकणी धरली होती, आणि तिने बोल्ट आवळून धरले होते. मी भोवती तेल सोडलं. लाकडी ठोकळा धरून कडेकडेने ठोकलं. सकाळी ठोकलं, दुपारी ठोकलं. तीन दिवस ठोकलं. हाताला फोड आले. शेजारच्या वाडीतले काका कुंपणावरून दोनदा डोकावले आणि काही न बोलता परत गेले. बोलले असते तर मी ऐकवलंच असतं.

चौथ्या सकाळी आमची मासेवाली आली. वरसोलीच्या बाजूला राहते, गेली वीस वर्षं आमच्याकडे येते. पाटी ओट्यावर ठेवून तिने सरळ माझ्या फोडांकडे पाहिलं.

"काय गो बाय, तीन रोज झालं ठोकतंस. गावात आवाज येतंय."

मी सांगितलं काय झालंय ते.

"मंग ठोकून काय होनार हाय? आमच्या म्हाताऱ्याला धाडतंय. बोटीच्या बारक्या मशीनचं हेड तो दोरीनं काढतो."

दोरीने? मला वाटलं, बाई माझी फिरकी घेते आहे. पण ती बोंबील मोजत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

दुपारी तिचा नवरा आला. सत्तरी ओलांडलेला, गुडघे गेलेले, लुंगी आणि फुलशर्ट. जन्मभर मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करून आता घरी बसलेला. गाडीजवळ प्लास्टिकची खुर्ची ओढून बसला, हेडवर तळवा ठेवला, आणि पाती तुटली होती तिथे बोट फिरवलं.

"ह्यो कोनी केलंय?"

"गॅरेजवाल्याने."

"बाहेरून मारतान काय कोन? आतून ढकलाला लागतंय." मग त्याने सांगितलं. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोरी भरायची, पोट भरेपर्यंत. मग पिस्टन वर आणायचा. पिस्टन दोरीला दाबणार, दोरी हेडला ढकलणार. सगळीकडून सारखा दाब, आणि काही तुटत नाही.

इतकं साधं आणि इतकं बरोबर. मला स्वतःचा राग आला, कारण दाब सगळीकडे सारखा पसरतो हेही मी फळ्यावर शिकवलेलं होतं. मी धावत आत गेले आणि दोरीचं वेटोळं घेऊन आले. आमच्या घरात दोरी म्हणजे सुंभ, काथ्याचा, आमच्याच नारळांच्या सोडणांचा वळलेला. म्हाताऱ्याने तो हातात घेऊन पाहिला आणि मान हलवली.

"ह्यो आत मोडंल. तंतू राहातील. मंग मशीन खाईल ते." आणि थोडं थांबून, अगदी शांतपणे, "पैलं खोबरेल, आता सुंभ. तुमी वाडीवाली मानसं नारलाच्या भायेर कवा जानार न्हाय."

मला हसू फुटलं. त्याने शर्टाच्या खिशातून करंगळीपेक्षा बारीक, मऊ झालेली नायलॉनची दोरी काढली, जाळ्याची. तो ती घरूनच घेऊन आला होता. मी काय आणणार हे त्याला चालता चालताच कळलं असावं.

पिस्टन खाली नेला. दोरी भोकातून आत सारत गेले, पेन्सिलीने ढकलत. हात हात दोरी आत गेली. वीतभर शेपूट बाहेर ठेवायला त्याने सांगितलं. नट चार-पाच आट्यांवर पुन्हा लावून ठेवायला लावले, हेड उडालं तर तिथे थांबावं म्हणून. गाडी मोठ्या स्टँडवर, वरच्या गिअरमध्ये, आणि मी जमिनीवर बसून मागचं चाक दोन्ही हातांनी धरलं. चाक फिरलं की पिस्टन वर.

मी पहिल्यांदा जोर केला तो हिसडा देऊन.

"हिसका न्हाय. जाला वढतंव तसा. दमान."

मी दमानं ओढलं. चाक थोडं फिरलं आणि थांबलं. दोरी दबली असणार. मागे नेलं, आणखी दोरी भरली, पुन्हा ओढलं. चाक थांबलं. माझे दंड भरून आले. हेड जिथल्या तिथे. तासभर हे चाललं. शेवटी म्हाताऱ्यानेही हात टेकले. "लय धरलंय. उद्याला बघू."

उद्या नको, असं मला आतून वाटलं. मला भीती वाटत होती, खरी भीती. उद्या म्हटलं की परवा होतं, आणि परवा म्हटलं की टेम्पो. मी जमिनीवर बसून त्या चार बोल्टांकडे पाहत राहिले. लोखंडाचे बोल्ट, ॲल्युमिनियमचं हेड. तापवलं की ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. भोकं मोठी होतील, बोल्ट तितके होणार नाहीत. गॅरेजवाल्याकडे गॅसची बत्ती होती, पण त्याला पाती उडवायची घाई होती. माझ्याकडे बंब होता.

मी बंब पेटवला. म्हातारा म्हणाला, "पानी इंजनात जाईल गो." मी म्हटलं, "जाऊ दे. पुसून काढीन." उकळतं पाणी तपेल्याने हेडवर ओतलं, एक, दोन, सात तपेली. पडवीभर वाफ झाली. म्हाताऱ्याने खुर्ची मागे सरकवली पण एक तळवा गाडीच्या चौकटीवरून काढला नाही. मी चाक धरलं आणि ओढलं, दमानं, जसं त्याने सांगितलं होतं तसं, आणि सोडलंच नाही.

कट्.

बस, एवढाच आवाज. मी वर पाहिलं. सिलिंडर आणि हेडच्या मध्ये केसाएवढी काळी रेघ दिसत होती. म्हातारा रेघेकडे बघून मान डोलावत होता. आणखी पाणी, आणखी दोरी, पुन्हा चाक. प्रत्येक वेळी रेघ थोडी वाढली. नट काढले, आणि मी दोन्ही हातांनी हेड धरून सरळ वर उचललं. ते आलं. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण मला आनंद झाला, इतका उघडा आनंद की मी ते जड, गरम, ओलं हेड तान्ह्या पोरासारखं पोटाशी धरून उभी राहिले आणि म्हाताऱ्याला म्हटलं, "बघा, काढलं." जणू काही तो तिथे नव्हताच. तो म्हणाला, "व्हय, बघतंय." दोरी गुंडाळून खिशात घातली आणि चहा न घेता गेला, कारण त्याला दुपारी चहा चालत नाही.

आत सगळीकडे तपकिरी, चिकट थर होता. माझी अकरा वर्षांची काळजी. ॲल्युमिनियमला ओरखडे जाऊ नयेत म्हणून मी तो करवंटीच्या तुकड्याने खरवडला. म्हाताऱ्याने पाहिलं असतं तर पुन्हा ऐकवलं असतं. तांब्याचं गॅसकेट अलिबागला एकाने कापून दिलं. नट एकाआड एक, तिरपे, थोडे थोडे आवळत गेले. टॅपेट लावताना वडील कुठे थांबत ते माझ्या हाताला आठवत होतं.

माघी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आला, पालीचा प्रसाद घेऊन. गाडी अंगणात उभी होती. मी त्याच्यासमोरच किक मारली. पहिली वाया गेली. दुसरी उलटली आणि पायाच्या घोट्यावर अशी बसली की डोळ्यांसमोर काजवे चमकले. "ताई, राहू दे, लागेल तुला," तो म्हणाला. "लागलंय," मी म्हटलं, आणि तिसरी मारली. चौथीला इंजिन खोकलं, निळा धूर सोडला, आणि धडधडायला लागलं. सांध्यातून काही फुसफुसत नव्हतं. वाडीत आवाज घुमला. कुंपणापलीकडचे काका पुन्हा डोकावले.

भावाचे डोळे भरून आले होते. मला ते दिसलं आणि मलाही बरं वाटलं. त्याने खिशातून फोन काढून माझ्यासमोर त्या कॉटेजवाल्याला सांगून टाकलं, गाडी द्यायची नाही. मग तो जवळ आला, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, आणि दुसरा हँडलवर.

"उतर. मी एक चक्कर मारून बघतो, नीट चालते का."

तो हे प्रेमाने बोलला. मला त्रास होऊ नये म्हणून बोलला. पन्नाशी ओलांडलेला माझा भाऊ, ज्याने गेली वीस वर्षं या गाडीला हात लावला नव्हता, त्याला मनापासून वाटत होतं की यापुढचं काम त्याचं आहे.

"हात काढ," मी म्हटलं.

तो हसला. मग मी हसत नाही असं पाहून थांबला. "अगं, तू ही कधी चालवली नाहीस."

"नाही चालवली."

मी शाळेत जायला वीस वर्षं गिअरची स्कूटर चालवली होती, पण ते त्याला सांगायची मला गरज वाटली नाही. घोटा ठणकत होता. मी क्लच दाबला आणि पायाने पहिला गिअर टाकला. तो गाडीपुढून बाजूला झाला. झाला नसता तरी मी गेले असते.